आखाजीला सांगितलेली इच्छा

आईला पोटाचा कॅन्सर झालाय हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, एक आई सोडून. निदान माझ्या थोरल्या भावाचा, हितेंद्रदादाचा, तसा समज होता. दादाला स्वतःच्या हुशारीवर फार विश्वास. तो आईच्या बाबतीत कुठून आला देव जाणे.

तपासणी मीच करून घेतली होती, जळगावला, कारण माझं सासर तिथलं. आईला दोन घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं, ओकारी यायची, ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले होते. गावातला डॉक्टर ॲसिडिटीच्या गोळ्या देत राहिला आणि आमची माणसं त्या आणत राहिली. शेवटी मी भांडून तिला घेऊन आले. घशातून दुर्बीण घातली, तुकडा तपासला, स्कॅन झालं. डॉक्टर ज्योत्स्ना पावरा या सर्जन. त्यांनी मला आणि दादाला समोर बसवून सरळ सांगितलं, "रोग जठरात आहे. लिव्हरमध्ये, फुफ्फुसात कुठे दिसत नाही. आधी केमो, मग ऑपरेशन. आत्ता करण्यासारखं आहे. वेळ घालवलात तर राहणार नाही."

दादाने हात जोडले, बाहेर येऊन आईला गाडीत बसवलं आणि सोनगीरजवळच्या आमच्या गावी घेऊन गेला. वाटेत तिला सांगितलं, "अल्सर शे, माय. गोळ्यासवर बरं व्हई." मी फोन केला की उत्तर ठरलेलं. माय झोपलेली आहे. माय शेजारी गेली आहे. चालताना धाप लागणारी बाई रोज शेजारी जात होती म्हणे! मला इतका संताप यायचा की फोन भिंतीवर आपटावासा वाटे.

दादा दुष्ट आहे असं नाही. तो घाबरट आहे, आणि त्याच्या भीतीचं नाव आहे जीवरामकाका.

काका म्हणजे आबांचे, माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ. त्यांनाही हाच रोग झाला होता. अंगावर काढून काढून, अन्नच उतरेना तेव्हा त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट उघडलं, आत पाहिलं आणि काही न काढता पुन्हा शिवलं. महिना गेला नाही तोच काका गेले. आजारात ते सारखा आमरस मागायचे. पथ्य म्हणून कोणी दिला नाही. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. सूर्य डोक्यावर आला, माणसं या पायावरून त्या पायावर भार देत उभी, आणि समोरच्या झाडावर कावळे नुसते बसलेले. अखेर गावातून आमरसाची वाटी मागवली, आबांनी ती पिंडावर ओतली, आणि कावळा आला.

त्या एका मरणातून आमच्या घराने दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, कॅन्सरला लोखंड लागलं की तो खवळतो. दोन, जाणाऱ्या माणसाची कुठलीही इच्छा मागे ठेवायची नाही. म्हणून आईला सुरी लावायची नव्हती, आणि तिला हवं ते खाऊ घालायचं होतं. जिच्या पोटात दोन घास राहत नाहीत तिला! या अकलेला काय म्हणावं?

आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला लेकी माहेरी येतात, तेव्हा मला अडवायची कोणाची टाप नव्हती. पहिल्या एसटीने धुळ्याला उतरले, तिथून गाव गाठलं. ठरवूनच गेले होते की आज आईला सगळं सांगायचं, मग दादा बोलो की न बोलो.

आई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. तिच्याभोवती डबे. कोणाकडून सांजोऱ्या, कोणाकडून शेवया, कोणाकडून भरीत. बांधलेलं पारडू डबा उघडल्याचा आवाज आला की मान वर करायचं, कारण आई सगळं त्यालाच घालत होती. मी तिच्या शेजारी बसले, तिचा हात हातात घेतला. हाताची नुसती काडी झाली होती. मला बोलायला सुरुवातच करता येईना. मी मान फिरवून डोळे पुसले.

"रडू नको," ती हळूच म्हणाली. "माले माहीत शे."

"काय माहीत आहे?"

"जीवरामभाऊले व्हतं, तेच." मग तिने मला विचारलं, "ती डाक्टरबाई काय म्हने? खरं सांग."

मी खरं सांगितलं. करण्यासारखं आहे म्हणाल्या. आत्ता. उशीर केला तर नाही. समोरच्या डब्याचं झाकण आईने घट्ट लावलं आणि तो बाजूला सरकवला. मी म्हणाले, मी आत जाऊन दादाशी भांडते. ती म्हणाली, "तू भांडशी तं तो म्हनी, जळगावनी शहानी उनी. तू गप बस."

दुपारी पंगत बसली. पितरांच्या घागरीची पूजा झालेली, खापरावरचे मांडे, आमरस, कुरडया. घरात माणसंच माणसं. आबा, दादा, वहिनी, चुलतभाऊ, आणि आबांची बहीण भिकुबाई, आमची फुई. आईला पाट देऊन मधोमध बसवलं होतं. माझ्या उभ्या आयुष्यात मी आईला आखाजीच्या पहिल्या पंगतीत बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तिच्या पानाभोवती रांगोळी होती.

फुईने डोळ्यांना पदर लावला. मग आईच्या पाठीवरून हात फिरवत सगळ्यांदेखत म्हणाली, "वहिनी, तुमना मनमा जी इच्छा व्हई ती सांगी टाका. काय बी मनमा ठेवू नका. बठ्ठं करूत."

"बठ्ठं?" आईने विचारलं. अगदी सगळं?

"बठ्ठं. देवघरम्होरे सांगस."

आईने दादाकडे पाहिलं. "तू बी?"

"हो माय," दादा म्हणाला. "तू फक्त सांग."

"मंग आयका," आई म्हणाली. तिने हातातला घास पानात परत ठेवला. "माले खावानी इच्छा नही. माले आप्रेशन करी लेनं शे. हाईच मनी इच्छा."

आमरस वाढणारी वहिनी वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मला हसू आलं.

"आप्रेशन कसानं, माय?" दादा चाचरत म्हणाला. "तुले तं अल्सर..."

"ऱ्हाऊ दे तो अल्सर."

"तुले कोनी सांगं?" असं म्हणून त्याने माझ्याकडे डोळे वटारले.

"तिनावर डोळा काढू नको. तुम्हीनच सांगं," आई म्हणाली. "रोज नवा डबा. ये माय, बैस माय, काय खाशी माय. जित्ता मानूसले इतलं कोन इचारस आठे?"

दादा मान खाली घालून हलक्या आवाजात म्हणाला, "लोखंड लागनं का ते खवळस, माय. काकानं काय व्हयनं ते आपन देखं ना."

"देखं. मंग नका करा." आईचा आवाज अजिबात चढला नाही. "पन मी आत्तेच सांगी ठेवस. मी मरनू का माले कावळा शिवनार नही. आमरस वता, मांडा ठेवा, हात जोडा. दिनभर उभा ऱ्हा. शिवनार नही."

फुईने "अरे देवा" म्हणून कानांवर हात ठेवले. पण बोलून बसली होती ना! देवघरासमोर, सगळ्यांदेखत, बठ्ठं करू म्हणाली होती. आमच्याकडे दिलेला शब्द मोडता येतो, रोज मोडतात. मरणाऱ्याला इच्छा विचारून मग नाही म्हणायचं, हे मात्र कोणाच्या बापाला जमायचं नाही. आईने त्यांना त्यांच्याच दोरीने बांधलं होतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की तिथेच उठून तिला मिठी मारावीशी वाटली.

आईच्या आजारात आबा बोलणंच विसरले होते. ते पानावरून उठले, हात धुतले आणि दादाला म्हणाले, "हितेंद्र, त्या दिनले वाटी मना हातमा व्हती. परत ती येळ मनावर आनू नको. गाडी काढ."

सणाच्या दिवशी कुठला डॉक्टर भेटणार होता? दुसऱ्या दिवशी निघालो. यावेळी आई स्वतः डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसली, दादा मागे उभा. त्याने तोच प्रश्न विचारला, लोखंडाचा.

डॉक्टर पावरा चिडल्या नाहीत. हा प्रश्न त्यांनी पुष्कळदा ऐकला असणार. म्हणाल्या, "तुमच्या काकांचं पोट उघडलं तेव्हा रोग आधीच सगळीकडे गेला होता, म्हणून काही काढता आलं नाही. सुरीने तो पसरवला नाही, सुरीमुळे तो फक्त दिसला. चूक झाली असेल तर ती उशिराची."

दादाने मान फिरवली. त्याला ते लागलं. लागायलाच हवं होतं.

मग त्या आईशी बोलल्या. पूर्ण जठर काढावं लागेल. अन्ननलिका सरळ आतड्याला जोडायची. आधी केमो. ऑपरेशन सुरू करताना दुर्बिणीने पोटात पाहणार, रोग पसरलेला दिसला तर पुढे जाणार नाही. जोड गळू शकतो, जिवालाही धोका असतो. आईने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "पोटच नही, मंग भूक कोठे लागी?"

"कमी लागेल," डॉक्टर हसल्या. "थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खायचं. भूक नसली तरी खायचं. गोड जपून."

"आग्रह करनारासले तुम्हीनच सांगा," आई म्हणाली.

केमोने तिला पार पिळून काढलं. तोंड आलं, केस गेले. गावातल्या बायका पाहायला यायच्या आणि पदराआडून एकमेकींना खुणा करायच्या. एकदा आईने त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर काढला आणि म्हणाली, "देखी ल्या बरं नीट. परत परत कसाले येतीस?" त्यानंतर गर्दी ओसरली. डबे मात्र येतच होते. रिकामा डबा परत करायचा नाही ही आमच्याकडची रीत. आई प्रत्येक डब्यात मूठभर बाजरी घालून तो परत पाठवायची आणि निरोप द्यायची की आता नवा आणू नका, मी कुठेही जात नाहीये.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही बाहेर बसलो होतो. आबा आत जाणाऱ्या दाराकडे टक लावून. बराच वेळ कोणी बाहेर आलं नाही आणि मला ते बरं वाटलं. लगेच बाहेर येणं म्हणजे काकांसारखं झालं, हे मला ठाऊक होतं. मी दादाला तसं म्हणाले. तेव्हापासून तोही दाराकडे बघत, ते बंदच राहावं म्हणून देवाला विनवत बसला. संध्याकाळी डॉक्टर आल्या. "काढलं," म्हणाल्या. दादा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. इतक्या दिवसांचा माझा राग तिथे थोडा विरघळला. सगळा नाही.

पुढचं काही सोपं नव्हतं. जोड जरासा गळला, ताप आला, मुक्काम लांबला. नाकातून आतड्यात घातलेल्या नळीतून अन्न द्यायचं. जरा सावरली तर फुईने मायेपोटी, कोणाची नजर नसताना, वाटीभर शिरा भरवला. आईला दरदरून घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. फुईने तिथेच गळा काढला. नर्सने येऊन आईला आडवं केलं, म्हणाली, गोडामुळे झालं, थांबेल. थांबलं. आईने डोळे उघडून फुईला सांगितलं, "रडनं व्हई गयं व्हई तं ती वाटी उचली ल्या."

मग काढलेल्या जठराचा तपासणी अहवाल आला. आम्ही सगळे डॉक्टरांच्या खोलीत. आई खुर्चीत, नाकातली नळी नुकतीच निघालेली, अंगात पातळ गाऊन. आबा, दादा, मी तिच्यामागे.

"कडा स्वच्छ आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "रोग कापून पूर्ण निघाला. आसपासच्या काही गाठींत तो सापडला, त्यामुळे अजून केमो घ्यायची."

"म्हणजे आता बरी होईल ना?" दादाने विचारलं.

"मी खोटं सांगणार नाही. यांच्यासारख्या, या टप्प्यावरच्या माणसांपैकी पाच वर्षांनी साधारण निम्मे चांगले असतात. निम्म्यांना तो परत येतो."

"निम्मेच?" दादा म्हणाला. "फक्त निम्मे?"

आईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, याचं मला आजही नवल वाटतं.

"फक्त काय रे?" ती म्हणाली. "तुम्हीन तं माले कायबी दिधं नव्हतं. हाई बाईनी अर्धं दिधं. बाकीनं अर्धं मी देखी लेसू."