ठमीच्या ब्रेकमधली हवा

ठमी म्हणजे बाबांची गाडी. बुटकी, गालफुगी, आणि रंग कधीकाळी पिवळा होता हे सांगावं लागेल इतकी जुनी. दार लावायचं तर आधी थोडं उचलायचं आणि मग मायेनं ढकलायचं. काच खाली न्यायची तर एका हातानं हँडल फिरवायचं आणि दुसऱ्या तळव्यानं काचेची समजूत काढायची. तिच्या अंगाला परक्याचा हात म्हणून लागला नव्हता. बाबांनी उभा जन्म कारखान्यात लेथवर काढला, आणि लोखंड बोलतं, आपण फक्त ऐकायचं, एवढं शिकून घरी आले. ठमीच्या पोटात कुठं दुखतंय ते त्यांना बॉनेट न उघडता कळायचं. शेजारच्या शिंप्याचं, म्हणजे मास्तरांचं, शिलाई मशीन टाके सोडायला लागलं की ते कुंपणावरून हाक घालायचे, "फोरमन, कान घेऊन या हो जरा!" आणि बाबा खरोखरच नुसता कान घेऊन जायचे.

तीच ठमी आता अंगणात मुकी उभी होती. ती मुकी का झाली, ते घरात एकट्या लेकीला ठाऊक होतं. घरात होतीच दोघं, बाप आणि लेक. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

झालं होतं असं. लेक चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. परक्यांच्या डोळ्यांचे हिशेब तिला तोंडपाठ, पण बापाच्या डोळ्यांकडे पाहायला तिनं उशीर केला. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "नंबर बदलून भागणार नाही आता. पडदाच झिजलाय. गाडी बंद." बाबांनी मान डोलावली, बाईंचे आभार मानले, आणि बाहेर येऊन खिशातून चावी काढली.

मग एका सकाळी ठमी मास्तरांच्या फाटकाच्या खांबाला जाऊन भिडली. खांबाचा टवका उडाला, ठमीचा एक दिवा फुटला. "ब्रेक मऊ झालाय," बाबा म्हणाले. "खांबालाच मध्ये यायची हौस," म्हणत मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं. पण खांबाच्या पायाशी, चाकापासून वीतभरावर, एक इवलीशी लाल चप्पल पडली होती. मास्तरांची नात तिथं बसून खडे मांडत होती, आणि पाणी प्यायला नुकतीच आत गेली होती. लेकीनं ती चप्पल उचलून पायरीवर ठेवली. 

दुसऱ्या दिवशी बाबा अंघोळीला गेले तशी ती ठमीत शिरली. पेट्रोलच्या पंपाचा निळा फ्यूज तिनं काढला आणि कप्प्यात पडलेला एक जुना, जळका फ्यूज त्याच्या जागी बसवला. बाहेरून दोन्ही जुळे भाऊ. निळ्या प्लॅस्टिकच्या पोटात केसाएवढी तार असते, ती जळक्याची तुटलेली. उजेडासमोर धरली की दिसते. ज्याला दिसतं, त्याला. चांगला फ्यूज तिनं स्वतःच्या चष्म्याच्या डबीत लपवला आणि डबी पर्समध्ये टाकली.

तिला वाटलं होतं, थोडी खटपट करतील, कंटाळतील, आणि गोष्ट आपसूक मिटेल. बापाच्या हातातून चावी काढून घेण्याचं पाप आपल्या माथी येणार नाही.

पण बाबा कंटाळणाऱ्यातले नव्हते. चावी फिरवली, इंजिन घरघरलं, पेटेना. पुन्हा चावी फिरवून ते मागच्या सीटला कान लावून बसले. तिथंच खाली पंप असतो; चावी दिली की क्षणभर गुणगुणतो आणि गप्प होतो. "पंप बोलत नाही," ते म्हणाले. अगदी बरोबर नाडी सापडली होती. मग फ्यूज उपसून त्यांनी उन्हासमोर धरला. डोळे बारीक केले, उलटा करून पाहिला, सदऱ्याला पुसून पाहिला.

"फ्यूज ठीक आहे," ते म्हणाले.

लेक खिडकीत उभी राहून पेला पुसत होती. पेला केव्हाच कोरडा झाला होता.

विजेच्या तारांशी बाबांचं कधी सूत जमलं नाही. आवाज न करता बिघडणारी वस्तू त्यांना लबाड वाटायची. म्हणून त्यांनी पंपच बदलायचं काढलं. भंगारवाल्याकडून दुसरा आणला, सीट उचकटली, गुडघे सोलून घेतले आणि तो बसवला. चावी फिरवली. काही नाही. पुन्हा काढला, पुसला, बसवला. काही नाही. मग हात मांडीला पुसून त्यांनी हाक मारली.

"बाळा, ये गं जरा. मी चावी देतो. तू मागं कान लाव, पंप वाजतो का सांग."

ती वाकली. सीटखाली चिडीचूप. नाही म्हणावं, तर बाबा वायरमनला बोलावणार आणि वायरमन पहिला हात फ्यूजला घालणार. लाल चप्पल तर डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"वाजतोय की, बाबा."

"वाजतोय?"

"बारीक. पण वाजतोय."

बाबांनी आधी उजवा कान चोळला, मग डावा.  हत्यारं पेटीत भरताना त्यांचा खणखणाट नेहमीसारखा झाला नाही. एकेक पाना ते झोपलेलं मूल ठेवावं तसं ठेवत होते.

त्याच आठवड्यात मास्तर मशीन उचलून घेऊन आले. "फोरमन, बया पुन्हा रुसलीय. ऐका हिचं गाऱ्हाणं."

बाबांनी चाक फिरवलं, कान लावला. लेकीला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "कुणा जाणत्याला दाखवा, मास्तर. माझं काही खरं नाही आता."

मास्तर हसले. चेष्टा असेल असं समजून अजून थोडे हसले. मग मशीन उचलून मुकाट्यानं गेले.

 डोळ्यांपायी गाडी थांबवायला गेले आणि कान कापून बसले, असं त्या दिवसापासून लेकीला वाटायचं. फ्यूज परत बसवावा, तर ठमी सुटणार. ठेवावा, तर बाप असा अंगणातल्या अंगणात विझणार. पर्समधली ती डबी हातभट्टीचा माल लपवावा तशी ती दुकानात घेऊन जायची आणि तशीच घरी आणायची.

सुट्टीच्या सकाळी बाबा जुनी विजार घालून अंगणात आले.

"ब्रेकची हवा काढू या," ते म्हणाले. "गाडी चालो न चालो. निदान ब्रेक तरी कळतो मला. तेव्हा मऊच झाला होता तो."

हे काम दोन माणसांचं. ब्रेकच्या तेलात हवा शिरली की ब्रेक मऊ पडतो. ती हवा बाहेर घालवायची. एकानं आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकाशी बसून बारीक नट सैल करायचा. नटाला पारदर्शक नळी, नळीचं टोक तेल घातलेल्या बाटलीत. दाबलेल्या ब्रेकनं तेल येतं आणि हवा असली तर बुडबुडे. नट पुन्हा आवळेपर्यंत आतल्यानं पाय उचलायचा नाही. उचलला, की बाहेरची हवा आत, आणि केलं सवरलं पाण्यात. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून सगळा कारभार शब्दावर. पूर्वी आई आत बसायची आणि पाय दाबून जात्यावर बसल्यासारखी म्हणायची,

*पहिली माझी ओवी गं, मागल्या चाकाला,*
*हवा जाऊ दे बाहेर, धीर देते मी पायाला.*

ओवी संपेपर्यंत खाली बाबांचा नट आवळून झालेला असायचा.

"तू खाली बस," बाबा आज म्हणाले. "माझे गुडघे धरलेत."

बाटलीतले बुडबुडे त्यांना दिसणार नव्हते, हे तिला कळलं. कळलंय हे तिनं दाखवलं नाही. त्यांनी जॅक लावला, खाली लाकडी ओंडका सरकवला, चाक उतरवलं, पाना तिच्या हातात दिला आणि आत जाऊन बसले.

"दाबलंय!" आतून आवाज.

तिनं नट सैल केला. तेल आलं, मधासारखं, एकसंध. बुडबुड्याचं नाव नाही.

"बुडबुडे आहेत ना?"

आवाजात नुसता प्रश्न नव्हता. पदर पसरल्यासारखं काहीतरी होतं त्यात. तिनं नट आवळला.

"आहेत, बाबा. बरेच आहेत."

"बघ! म्हटलं नव्हतं मी?" आणि आतून इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हलकी शीळ ऐकू आली. "मास्तरला सांगतो, खांब माझ्यामुळं नाही, हवेमुळं फुटला."

तिला ती शीळ ऐकवेना. खोट्यावर खोटं रचत आपण कुठवर आलो? उद्या बाबाच म्हणतील, ब्रेक आता चोख झाला, वायरमनला बोलाव, आणि मग दुसऱ्या कुणाची तरी चप्पल.

मागचं दुसरं चाक उतरवलं. नळी लावली.

"दाबलंय!"

तिनं नट सैल केला. ब्रेक तळाला गेल्याचा बारीक ठक्क ऐकू आला. नळीत तेल, नुसतं तेल.

"किती आहेत?"

ती नळीकडं पाहत राहिली.

"आवळलास का गं? पाय उचलू?"

"नका! पाय उचलू नका, बाबा. धरून ठेवा." तिनं पाना घट्ट धरला होता, पण फिरवला नव्हता. "एकही बुडबुडा नाही. मघाच्या चाकातही नव्हता. मी खोटं बोलले."

मग तिनं उरलेलंही सांगून टाकलं.

"ब्रेक चांगला आहे, बाबा. तेव्हाही चांगलाच होता. आणि पंप वाजत नव्हता. तुम्ही म्हणालात तेच खरं होतं. फ्यूज मी बदलला, जळका घातला. तुम्हाला तार दिसणार नाही हे मला माहीत होतं. म्हणूनच तो घातला."

ठमीचा पत्रा उन्हानं कुठंतरी टिकटिकला. तिला वाटलं, आता दार आपटेल. बाबा पाय उचलतील, हवा आत जाईल, जाऊ दे. पण नळीतलं तेल जागचं हललं नाही. तिथं आत, तिच्या नजरेआड, एक म्हातारा पाय तळाशी टेकून राहिला होता.

"आधी नट आवळ," बाबा म्हणाले.

तिनं आवळला.

"आवळला."

मग दार उचललं गेलं, उघडलं. "कुठाय तो?"

तिनं पर्स आणली. डबीतला फ्यूज त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी जळकाही उपसून काढला आणि दोन्ही अंगठ्याखाली चाचपले. "हाताला सारखेच लागतात," ते म्हणाले, जसं काही फ्यूजच्याच वागण्याचं नवल वाटत होतं. चांगला कुठला ते तिला दाखवावं लागलं. तो बसवून त्यांनी चावी दिली.

मागच्या सीटखाली पंप गुणगुणला.

इंजिन सुरू न करता त्यांनी चावी बंद केली, पुन्हा दिली. पुन्हा गुणगुणला. असं किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी म्हणाले, "त्या दिवशी नव्हता वाजत."

"नव्हता."

"जुना पंप बरा होता बिचारा. भंगारात दिला मी त्याला." मग, तिच्याकडे न बघता, "डोळे गेलेत ते मला कळत नव्हतं का गं? पायरी कुठं संपते तेसुद्धा पायानं शोधतो मी. कानाच्या जिवावर रेटत होतो. तेवढा तरी ठेवायचा होतास."

"चुकले, बाबा."

"चावी मागायची होतीस."

"तुम्ही दिली नसतीत."

"नसती दिली," ते म्हणाले. "भांडलो असतो. पण भांडलो असतो ते तुझ्याशी. हे इतके दिवस मी माझ्याशीच भांडत होतो."

 तिनं फडक्यानं पाना पुसला.

"त्या दिवशी तू उचललीस ती चप्पल," त्यांनी विचारलं, "लाल होती ना?"

"हो."

"मला वाटलं, पान पडलंय."  मग त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला. "पुढची चाकं राहिलीत. बस खाली."

दोघांनी काम पुरं केलं. "दाबलंय." "सैल केला." "आहेत?" "एकही नाही." "आवळ." "आवळला." लेथवरच्या कामासारखं, कोरडं, नेटकं. शीळ नव्हती. ओवी तर नव्हतीच.

शेवटचं चाक चढवताना कुंपणापलीकडं मास्तरांचं मशीन सुरू झालं. खडखडत, मध्येच अडखळत. बाबांचा हात थांबला. मान एका बाजूला कलली. ती मान तिनं किती दिवसांनी पाहिली.

"ऐकतेस? काय होतंय त्याला?"

हो म्हणायला जीभ शिवशिवली. पण ती म्हणाली, "मला नाही कळत, बाबा. मला सगळं सारखंच ऐकू येतं."

त्यांनी मान हलवली, मान्य केल्यासारखी. "पट्टा सैल आहे. घसरतोय. मशीन आणलं होतं तेव्हाच ऐकलं होतं मी. पण म्हटलं, आपलं ऐकणं काय खरं." मग कुंपणाकडं तोंड करून गरजले, "मास्तर! बंद करा ते! पट्टा तोडून बसाल नाहीतर उगाच. आलो!"

"आज नुसता कान आणताय, की अक्कलही?" पलीकडून आवाज आला.

"अक्कल घरीच असते हो. आज पाय धुऊन येतो, तेवढं पुरे."

त्यांनी नळावर हात धुतले, पाय धुतले. मास्तरांच्या फाटकाशी येऊन खांबाला हात लावला. उडालेला टवका बोटांनी चाचपला आणि त्याची खोली मापली. मग तो खांब धरूनच, पायानं पायरी शोधत, ते पलीकडं गेले.

लेक ठमीशी उभी राहिली. चावी ठमीत तशीच लोंबत होती. त्यांनी ती बरोबर नेली नव्हती, तिच्या हातातही दिली नव्हती. तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला; ती आता मागूनच घ्यायची होती. बाटलीतलं तेल डोळ्यांसमोर धरून ती पाहत राहिली. नितळ होतं. पलीकडं दोन म्हातारे काहीतरी वाद घालू लागले, आणि बराच वेळ मशीन पुन्हा सुरू झालं नाही.