दक्षिणमुखी मारुती आणि निळा बाण

निवेदितानं स्कूटरची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. मी तुळशीपाशी होते. तिनं आवाज चढवला नाही, तो गुण माझा. पण किल्ली परत काढून ठेवली नाही, तो हट्ट तिच्या अप्पांचा.

"अप्पा, आता पुरे," ती म्हणाली. "दर वेळी तुकाराममामा भेटतीलच असं नाही."

ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली.

हे म्हणजे प्रभंजनसर. धारवाडात अर्धं आयुष्य भूगोल शिकवण्यात गेलं. आता मळमड्डीतल्या घरात आम्ही दोघंच. आमची मुलगी निवेदिता हुबळीला विद्यानगरात राहते, तिथंच कॉलेजात शिकवते. निवृत्त झाल्यावर कुणी देवळाच्या कमिटीवर जातं, कुणी नातवंडांना शाळेत सोडतं. ह्यांनी ओढे धरले. दर गुरुवारी स्कूटरवरून अळणावरकडे जायचं, रानाच्या कडेला राहणाऱ्या ओळखीच्या तुकारामच्या अंगणात गाडी लावायची आणि एखादा ओढा धरून वर वर चालत जायचं, तो जिथं जमिनीतून फुटतो तिथपर्यंत. येताना त्या उगमाचं पाणी बाटलीत भरून आणायचं. शुक्रवारी सकाळी माझ्या देवांना त्याचाच अभिषेक. "देवांना विचार बघू, आजचं कुठल्या ओढ्याचं," असं म्हणून हे दाराशी उभे राहणार, आणि मी पंचपात्रीतून तोंड वर न करता "देव परीक्षा देत नसतात" म्हणणार. हे आमचं ठरलेलं.

गेल्या महिन्यात उन्हानं ह्यांचा जुना फोन तापला आणि मिटला तो मिटलाच. सागवानाच्या रानात सगळ्या वाटा सारख्या. लाकडं आणायला आलेल्या तुकारामला हे दिसले, म्हणून रस्त्याला लागले. घरी आले तेव्हा दिवे लागून केव्हाच गेले होते. मी जपमाळ हातात धरून नुसतीच बसले होते, मणी पुढं सरकत नव्हते. कुणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्याच दिवशी निवेदिता आली, तिनं माझं तोंड बघितलं आणि किल्ली पर्समध्ये गेली.

शेवटी मीच मध्ये पडले. म्हटलं, "फोन मिटला म्हणून ते चुकले ना? मग न मिटणारा फोन घेऊ. एकदा जाऊ देत. दिवेलागणीच्या आत घरी आले तर किल्ली त्यांची. नाही आले, तर तुझी."

निवेदितानं ह्यांच्याकडे बघितलं. "मान्य आहे का अप्पा? मग नंतर कुरकुर नाही."

"मान्य," हे म्हणाले. मान वर केली नाही. कबूल करताना विद्यार्थी उभे राहतात तसे उभे होते.

हुबळीला लॅमिंग्टन रोडवर उमेशचं दुकान आहे. तो ह्यांचा विद्यार्थी. "सर, बर्री बर्री," म्हणून त्यानं खुर्च्या ओढल्या आणि पहिल्यांदा जो फोन काढला तो फोन कसला, वीटच. चहूबाजूंनी रबर, कोपऱ्यांना स्क्रू.

"बिद्दरू एनागंगिल्लरी," तो म्हणाला. पडला तरी काही होत नाही म्हणून. आणि खरंच जमिनीवर टाकून दाखवला.

ह्यांचे डोळे चमकले. मी तो हातात घेतला. "हा गळ्यात अडकवून चढ चढायचा? ह्यापेक्षा माझा वरवंटा बरा."

"अम्मा, मजबूत पाहिजे म्हणाला की तुम्ही."

"मजबूत पाहिजे. पण चालणारा माणूस वाकला नाही पाहिजे."

मग त्यानं काचेच्या पेटीतले साधे फोन काढले, पेन्शनीत बसतील असे. हे कॅमेरा किती, अमुक किती विचारायला लागले. मला त्यातलं कळत नाही. मी भांडी घेते तसा फोन घेतला. भांडं घेताना त्यात काय शिजवायचं ते आधी मनात आणायचं. इथं शिजायचं होतं ह्यांचं घरी येणं. तेव्हा भर उन्हात त्याचा नकाशा दिसला पाहिजे. दिवसभर तो चालू राहिला तरी संध्याकाळी घरी एक फोन करण्याइतका जीव त्यात उरला पाहिजे. आणि ओढ्यात पडला तर बुडून मरता कामा नये.

म्हणून दुपारच्या उन्हात आम्ही तिघं दुकानाबाहेर रस्त्यावर उभे राहिलो. दोन फोन उन्हात नुसतेच काळे आरसे झाले. त्यात मला माझं कुंकू दिसलं, नकाशा दिसला नाही. तिसऱ्यात रस्त्याची नावंसुद्धा वाचता आली. उमेशनं त्याची रेंज बंद केली आणि ह्यांना कोपऱ्यापर्यंत चालत जायला सांगितलं. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवला असेल तर रेंज नसली तरी चालतं म्हणे, ठिकाण आकाशातून कळतं. नकाशावरचा निळा ठिपका ह्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत आला. ठिपक्याला एक छोटा बाण होता. तोंड वळवलं की तोही वळायचा.

"आज्ञाधारक आहे," हे म्हणाले.

"घरात एक तरी असू दे," मी म्हटलं.

मठातून येताना घेतलेली तीर्थाची छोटी बाटली माझ्या पिशवीत होती. मी पळीभर तीर्थ फोनवर ओतलं. उमेश "अम्मा, अम्मा" म्हणत धावला. काही झालं नाही. पदरानं पुसलं, निळा ठिपका जागच्या जागी. "हाच," मी म्हटलं. उमेशनं हात जोडले, मला की तीर्थाला ते कळलं नाही.

त्या आठवड्यात हे रोज संध्याकाळी फोन घेऊन मळमड्डीच्या गल्ल्यांतून हिंडले. स्वतःच्याच घराची वाट फोनला विचारत. मी इरकली खणाची एक पिशवी शिवली, गळ्यात अडकवायची. समोर जाड प्लास्टिकची खिडकी ठेवली, म्हणजे फोन बाहेर न काढता नकाशा दिसावा. गुरुवारी पहाटे, हे अंघोळीला गेले असताना, मी आणखी एक काम केलं. आमच्या फ्रिजच्या दारावर एक पितळी मारुती होता, चपटा, बोटभर. जाऊबाईंनी जुनी गाडी विकताना समोरच्या पट्टीवरून काढून मला दिलेला. पिशवीच्या आतल्या अस्तरात मी तो बसवला आणि वरून चार टाके घातले. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसले असते, आणि त्यांनी हसून जावं असं मला त्या दिवशी वाटत नव्हतं.

निवेदिता सकाळीच किल्ली घेऊन आली. ती द्यायला आणि संध्याकाळी परत न्यायला. दिवसभर थांबली, माझ्याबरोबर वाती केल्या, मधूनमधून घड्याळाकडे बघितलं. दुपारी ह्यांचा फोन आला, तुकारामच्या अंगणातून ओढ्याच्या वाटेला लागतोय म्हणून. पुढं रेंज नव्हती.

माझा नेम असा: दिवा लावला की जप संपेपर्यंत बोलायचं नाही. सोवळं नेसून बसायचं, सोवळ्यात नसलेल्या कशाला हात लावायचा नाही. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून तो मोडलेला नाही. त्या संध्याकाळी दिवा लावताना माझा हात उगीचच हळू चालला. काडी विझली. दुसरी ओढली. ज्योत लागली आणि दारात कुणी नव्हतं.

"आई," निवेदिता दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "तू दिवा लावणं मुद्दाम लांबवत होतीस ना?"

मी माळ घेतली.

"मला आवडतं का हे? मला काय त्यांची किल्ली घेऊन मिरवायची आहे? पण त्या दिवशी तुझं तोंड बघितलं मी."

मी मान खाली घातली. तिनं पुढं काही विचारलं नाही. विचारून उपयोग नव्हता.

माळ निम्मी झाली असेल. फाटकाशी स्कूटर आली. हे आत आले, पायाला माती, शर्टाला काटेरी गवत चिकटलेलं, हातात पाण्याची बाटली. बाहेर पुरता अंधार झाला होता.

"ठरलं होतं अप्पा," निवेदिता म्हणाली. आवाज हळूच होता.

"ठरलं होतं." ह्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. "उगमाशी पाय सोडून बसलो. वेळेचं भान राहिलं नाही. चूक माझी."

मला ते पटलं नाही. हे घंटेच्या आधी वर्गात जाणारे मास्तर. वेळ विसरणारा माणूस हा नव्हे. मग ते देवघराशी आले, बाटली टेकवली, आणि निवेदिताला पाठ करून खिशातलं काहीतरी समईच्या मागं हळूच सरकवलं. पितळी मारुती. त्याच्या कडेला माझ्या टाक्यांचा लाल दोरा अजून अडकलेला.

ते माझ्याकडे बघून एवढंच पुटपुटले, "ह्याच्या पाठीला लोहचुंबक आहे, श्यामला."

मला कळायला एक क्षण लागला. फ्रिजच्या दारावर तो चिकटून कसा राहतो, हे मी रोज बघत होते. फोनच्या आत होकायंत्र असतं, हे ह्यांनीच मला गल्लीत दाखवलं होतं. दोन्ही माहीत असून माझ्या हातानं दोन्ही एका पिशवीत घातलं होतं. बाण उलटा फिरला असणार, हे वाट सोडून भलतीकडे चालले असणार, आणि ठिपका मागं मागं जातोय हे बघून, अस्तर उसवून, मारुती शोधून, परत फिरले असणार. आणि आता किल्ली देऊन मोकळे होत होते, माझ्या टाक्यांबद्दल एक शब्द न काढता.

निवेदितानं पर्स उघडली.

माझे अर्धे मणी उरले होते. बोलता येत नव्हतं. मी उठले. ह्यांच्या गळ्यातल्या पिशवीकडे बोट केलं. त्यांनी फोन काढून पुढं धरला, पण तो दिवसभर रानात हिंडलेला, मी सोवळ्यात. मी ताम्हन पुढं सरकवलं, फोन त्यात ठेवायची खूण केली आणि तांब्यातलं पाणी त्याच्यावर ओतलं.

"आई, अगं..."

"घालू दे," हे म्हणाले. "हुबळीला पास झालाय तो त्या परीक्षेत."

स्वच्छ कपड्यानं पुसून मी फोन, वरची बाजू उत्तरेला करून, पाटावर आडवा ठेवला. निळा ठिपका उजळला. बाणानं उत्तरेला, आमच्या न्हाणीघराकडे, तोंड केलं. मी समईमागच्या मारुतीवरही पाणी घातलं, तो उचलला आणि फोनजवळ नेला. बाण डळमळला आणि हळूहळू पार फिरून दुसरीकडे गेला. मारुती दूर केला. फोन उचलून ह्यांनी सरांना शोभेल असा होकायंत्र ताळ्यावर यावं म्हणून हवेत दोनदा आठाच्या आकड्यासारखा फिरवला, परत ठेवला, आणि बाण परत न्हाणीघराकडे आला. मी पुन्हा मारुती जवळ नेला. मग स्वतःकडे बोट केलं, छातीवर, आणि तसंच धरून ठेवलं.

निवेदिता पाटापाशी खाली बसली. पिशवीचं उसवलेलं अस्तर तिनं उलटं करून बघितलं. तिला माझे टाके ओळखू येतात. तिचे परकर मीच शिवलेत.

"म्हणजे अप्पा चुकले नाहीत," ती म्हणाली. "फोनही चुकला नाही."

मी मान हलवली.

"मारुतरायाचंही काही चुकलं नाही," हे म्हणाले. "देवळात तो दक्षिणेला तोंड करून उभा असतो. बाणालाही त्यानं तिकडंच बघायला लावलं."

निवेदितानं हसू दाबलं, मग दाबता आलं नाही. मौनात हसलं तर चालतं का, हे मी कधी कुणाला विचारलेलं नाही. तेव्हाही विचारता आलं नाही.

तिनं पर्समधून किल्ली काढली आणि दाराजवळच्या खिळ्याला, तिच्या नेहमीच्या जागी, अडकवली. "पुढच्या गुरुवारी जा. पण पिशवी आधी मला दाखवायची."

मारुती मी पुन्हा फ्रिजच्या दाराकडे बोट करून ह्यांच्या हातावर वरून सोडला. मणी कुठपर्यंत आले होते ते विसरले होते, म्हणून माळ पहिल्यापासून धरली. स्वयंपाकघरातून दोघांचं बोलणं येत होतं. ओढा कुठं फुटला, वरच्या अंगाला खडक कसा होता, पाणी किती गार होतं. बाटली माझ्या शेजारी होती. तिच्या अंगावर अजून दव धरलेलं होतं.