रंग सुरेख आहे

हॉटेलवाल्यांनी ग्लास नाकाशी नेला, फिरवला, पुन्हा नाकाशी नेला आणि टेबलावर ठेवून दिला. घोट घेतलाच नाही. मग तो खिडकीच्या उजेडात तिरका धरून म्हणाले, "रंग सुरेख आहे हं."

मी पांढरीचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

आमच्या धंद्यात कुणाच्या तळघरात जाऊन त्याच्या तोंडावर वाईनला नावं ठेवत नाहीत. यजमान समोर उभा असतो, त्याची वर्षभराची मेहनत ग्लासात असते आणि आपण त्याच्याच खुर्चीवर बसलेलो असतो. वाईन चांगली असेल तर माणूस वासाबद्दल बोलतो, तुरटपणाबद्दल बोलतो, बाटली अजून किती ठेवावी यावर हुज्जत घालतो. वाईट असेल तर रंगाचं कौतुक करतो आणि घड्याळ बघतो. मी स्वतः कितीतरी ठिकाणी हे वाक्य टाकून निघून आले आहे. आता तेच माझ्या तळघरात मला ऐकावं लागत होतं, आणि ह्या हंगामात हे काही पहिल्यांदा नव्हतं.

"पांढरी बघा ना," मी म्हटलं. आवाजात अजिजी आली, ती माझी मलाच आवडली नाही.

त्यांनी पांढरी बघितली. म्हणजे खरोखर नुसती बघितली. "हिचाही सुरेख आहे. कळवतो," म्हणाले आणि गेले.

ह्यांनी ग्लास विसळायला घेतले. हे वाईन करतात आणि मी चाखते, अशी आमच्या घरातली वाटणी लग्नापासूनची आहे. कुठली पिंपं एकमेकांत मिसळायची, कुठलं अजून पडू द्यायचं, बाटल्या कधी भरायच्या, हे माझं नाक ठरवतं. शिकवलं सासऱ्यांनी. रोज सकाळी चहा पोटात जायच्या आत ते मला खाली न्यायचे आणि ग्लास हातात द्यायचे. "काय आहे, सांग." आधी एक अक्षर सांगायचे नाहीत. कानात शब्द पडला की नाक तोच शोधत बसतं, असं त्यांचं म्हणणं. सासूबाई कुरकुरायच्या, "नव्या सुनेला स्वयंपाक शिकवायचा सोडून हे काय शिकवताय?" त्यावर सासरे म्हणायचे, "स्वयंपाक ती तुझ्याहून बरा करते. मग उरलं काय शिकवायला?" त्यानंतर दोन दिवस त्यांना अळणी जेवावं लागलं.

पुढे बाहेरचे लोक मला बोलवायला लागले. स्पर्धांत परीक्षक म्हणून बसले. नाकवाल्या वहिनी म्हणूनच मला ओळखतात. मला त्याचा अभिमान होता, आणि तो मी कधी लपवला नाही. लपवायचा कशाला?

हॉटेलवाल्यांची गाडी गेल्यावर दीर जिन्यात भेटले. त्यांचा टायरचा धंदा आहे आणि घराचा अर्धा हिस्सा त्यांचा आहे. टायर ठेवायला त्यांना जागा हवी आहे, तीही खूप दिवसांपासून.

"काय म्हणाले, वहिनी?"

"कळवतो म्हणाले."

"म्हणजे नाही म्हणाले." ते माझ्याकडे न बघता बोलले. वाईट माणूस नाहीत ते. "हे बघा, माझ्या टायरांनाही वास येतो, पण त्यांना गिऱ्हाईक आहे. शुक्रवारी त्या वाईनच्या दुकानवाल्या बाई येऊन जाऊ देत. त्यांनी घेतली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही घेतली तर खालची जागा मला द्या. दादाशी बोललोय मी."

ह्यांनी मला सांगितलंही नव्हतं. सांगणार कसे? जिथे त्यांचा बाप उभा राहिला, जिथे आमची दोघांची आख्खी उमर गेली, ते तळघर शुक्रवारी जाणार, हे बायकोला कुठल्या तोंडानं सांगतात!

त्या आठवड्यात मी वेड्यासारखी वागले. आधी वाटलं, आपलं नाकच गेलं. स्वयंपाकघरातले सगळे डबे उघडून डोळे मिटून हुंगले. लवंग कळली, दालचिनी कळली, कॉफी कळली, तळाशी पडलेला जुना साबणसुद्धा कळला. मग ह्यांना ग्लासांभोवती काळं फडकं गुंडाळायला लावलं, रंग दिसू नये म्हणून. लाल आणि पांढरी, आमची आणि विकत आणलेली, सगळ्या ओळखल्या. एकही चुकली नाही. म्हणजे नाक शाबूत होतं. आणि त्या शाबूत नाकाला आमची लाल वाईन अशी लागत होती की डोळ्यांत पाणी यावं. पिकलेलं आलुबुखार, मागून काळी मिरी, आणि गिळल्यावर जिभेवर रेंगाळणारा मऊ तुरटपणा. एवढी चांगली वाईन आम्ही कधी केलीच नव्हती.

मग हे लोक नाक का मुरडतात? कुणी आमच्याविरुद्ध कान भरलेत का? बुचं खराब आहेत का? मी बुचं बदलली. ग्लास बदलले. तळघराची फरशी पुन्हा एकदा हातानं घासून धुतली, ब्लीचिंग पावडर टाकून, कोपऱ्यान् कोपरा. आमच्याएवढं स्वच्छ तळघर कुठे बघायला मिळणार नाही, ही सासऱ्यांची शिस्त. फरशी धुताना मला रडू आलं. मी कुणाला काही विचारू शकत नव्हते, कारण विचारलं तर तेच उत्तर मिळणार होतं, रंग सुरेख आहे.

बुधवारी मी बाटली टॉवेलमध्ये गुंडाळली, पिशवीत घातली आणि बस धरली. शहराच्या दुसऱ्या टोकाला दातांचे एक डॉक्टर आहेत. वाईनचा हौशी माणूस. स्पर्धांना ते माझ्या शेजारी बसायचे. त्यांचा शेवटचा पेशंट जाईपर्यंत मी बाकावर बसून राहिले. आत गेले आणि बाटली त्यांच्या त्या लांबलचक खुर्चीवरच ठेवली.

"डॉक्टर, रंगाबद्दल एक शब्द जरी बोललात तर मी इथेच भोकाड पसरीन."

ते हसले. कपाटातून ग्लास काढले, बाटली उघडली. हुंगलं. हसू गेलं.

"वहिनी, तुम्हाला वास येत नाही?"

"कसला?"

त्यांनी ग्लास माझ्यापुढे धरला. मी नाक आत घातलं. आलुबुखार. मिरी. पुन्हा घातलं, श्वास संपेपर्यंत. आलुबुखार, मिरी.

"ओल्या पुठ्ठ्याचा," ते हळू बोलले. "बंद खोलीचा. कुबट. बाकी सगळं त्याच्याखाली गाडलं गेलंय. फरशी कशानं धुता तुम्ही?"

मी सांगितलं. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "ब्लीचिंग पावडर, ओलसर जुनं लाकूड आणि थोडी बुरशी. ही तिन्ही एकत्र आली की हा वास तयार होतो. मग तो हवेतून पसरतो, वर्षं जातील तसा वाढतो. तुळयांत बसतो, पिंपांत बसतो, बुचांत बसतो. बुचं बदलून काय होणार?"

"मग मला कसा येत नाही?" मी जवळजवळ ओरडले. "मला! मला येत नाही?"

"तुम्ही त्यातच राहता. आपण नेहमी स्पर्धांच्या टेबलावर भेटलो, तुमच्या तळघरात मी कधी आलोच नाही, नाहीतर आधीच बोललो असतो. माझ्या दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा दर्प येतो म्हणतात. मला नाही येत. महिनाभर लांब राहिलात तर येईल कदाचित."

महिना कुठला! मधे एकच दिवस होता. मी त्यांना म्हटलं, चला माझ्याबरोबर, हात जोडते, एखादं तरी पिंप वाचलं असेल, तेवढं काढून द्या. ते म्हणाले, "माझं नाक आता म्हातारं झालंय. एवढा ठळक वास असला तर कळतो, बारीक कळणार नाही. तुमच्या हाताखाली तयार झालेलं आणि बरेच दिवस घराबाहेर असलेलं कुणी आहे का?"

होतं. माझी लेक होती. मी तिला शिकवलं होतं, सासऱ्यांनी मला शिकवलं तसंच, आणि ती गेली दोन वर्षं नोकरीसाठी दूर होती. मी दवाखान्यातूनच तिला फोन लावला.

"ये," मी म्हटलं. "उद्याच्या उद्या ये."

"आई, काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तुझं नाक हवंय."

परतीच्या बसमध्ये पहिल्यांदा थोडा जीवात जीव आला. सगळी नकोत, मी मनात म्हणत होते. मागच्या भिंतीकडची दोन वाचलेली असू देत. नाहीतर एक. एका पिंपावर त्या बाईंना थांबवते, दिरांना थांबवते, तळघर तासून, वाळवून पुन्हा उभं करते. देवाकडे एवढ्या कळकळीनं मी कधी काही मागितलं नव्हतं.

गुरुवारी ती आली. दारातच मिठी मारली. तिला मी काहीही सांगितलं नाही. आधी सांगायचं नाही, हा नियम मी त्या दिवशीही मोडला नाही. सगळ्या पिंपांतून वाईन काढून ह्यांनी ग्लास गच्चीवर नेऊन मांडले, उघड्या हवेत, एका ओळीत, आधी पांढरी आणि मग लाल. प्रत्येकाखाली पिंपाचा आकडा. हे पाण्याच्या टाकीला टेकून उभे राहिले. त्यांनी हात खिशात घातले.

"काय आहे, सांग," मी म्हटलं. "आणि वेगळा कुठला, तेही सांग."

तिनं पहिला ग्लास उचलला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून घेतले. मग तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"आई गं," ती म्हणाली. "हाच."

"काय हाच?"

"हा वास. तिकडे किती वाईन प्यायले, कशातच नव्हता. मला वाटायला लागलं होतं, मीच विसरले."

"शब्दांत सांग."

"बंद कपाटाचा. आजोबांच्या कोटाचा. थोडासा भिजलेल्या पुठ्ठ्याचा." तिनं डोळे उघडले. "अगं, असं काय बघतेस? घराचा वास, आई."

"पुढचा घे."

तिनं पुढचा घेतला. मग त्याच्या पुढचा. माझे कान तिच्या श्वासाकडे लागले होते. प्रत्येक ग्लासापाशी ती मान डोलावत होती, आणि प्रत्येक डोलावण्याबरोबर माझ्यातून काहीतरी निघून जात होतं. मागच्या भिंतीकडची दोन्ही पिंपं झाली. शेवटचा ग्लास तिनं खाली ठेवला.

"एकही वेगळा नाही," ती अगदी अभिमानानं म्हणाली. "सगळ्यांत आहे. बाबा, कसं काय जमवता हो तुम्ही? एकाही पिंपाला सोडलं नाहीत!"

हे टाकीच्या कट्ट्यावर खाली बसले.

तिचं लक्ष नव्हतं. ती बोलत सुटली होती. "जाताना तुझी शाल नेली होती ना, ती मी अजून धुतलेली नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलीय. फार आठवण आली की उघडते, नाक घालते आणि लगेच बांधून टाकते. संपून जाईल अशी भीती वाटते." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "आई? माझं काही चुकलं का?"

"नाही गं. तुझं नाक फार चांगलं आहे," मी म्हटलं आणि खाली आले.

दुकानवाल्या बाईंना फोन मीच केला. म्हटलं, येऊ नका, वाईन बिघडली आहे. कारण विचारलं तेही सांगितलं. या धंद्यात असं कुणी आपणहून सांगत नाही. मग दिरांकडे गेले. म्हटलं, "भावजी, टायर कधी आणताय?" ते खुश होतील असं वाटलं होतं. ते खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "वहिनी, बसा. घाई नाही काही." ते ऐकून मला जास्त लागलं.

पुन्हा गच्चीवर गेले तेव्हा ह्यांनी लेकीला सगळं सांगितलेलं होतं. ती ग्लासांच्या ओळीशेजारी जमिनीवर बसून रडत होती. "मला सांगितलं का नाहीस? मी सांगितलं असतं, एखादा बरा आहे म्हणून," म्हणत होती. ती खोटं बोलली असती, आणि मी ते ऐकलंही असतं. मी तिच्याजवळ बसले, तिला कुशीत घेतलं. तिनं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं आणि लांब श्वास घेतला. काय आलं असेल तिच्या नाकात, ते मला आता माहीत होतं.

हाताशी एक लाल ग्लास होता. मी तो उचलला. आता दोष शोधायचा नव्हता. जो वास माझ्या लेकीनं दोन वर्षं पिशवीत बांधून जपला, जो माझ्या शालीत आहे, केसांत आहे, तो मला एकदा, फक्त एकदाच घ्यायचा होता. मी डोळे मिटले आणि पोट भरून श्वास ओढला. आलुबुखार आलं. मिरी आली. मी पुन्हा ओढला, पुन्हा ओढला.

वाईन फार चांगली होती. दुसरं काहीही नव्हतं.