ओल्या रंगाचा बोया

मित्रांनो, मी एक जुना बोया आहे. समुद्रात नांगराला बांधलेला असतो, लाटांवर डुलत असतो आणि शर्यतीच्या दिवशी सगळ्यांना मला वळसा घालून परत किनारा गाठावा लागतो. एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्याच्या अंगावर एकदम शिडाच्या फळ्या, पतंग आणि होड्या धावून येतात, त्यालाच विचारा.

जन्माने मी पिंप आहे. समुद्रकाठच्या एसाविरा शहराच्या बाजारात माझ्या पोटात ऑलिव्ह मुरायचे. दुकानदाराने नवी पिंपं आणली तेव्हा मला उस्ताद बूजमाने उचललं. बूजमा बंदरात होड्या बांधायचा आणि शर्यतीचा पंचही तोच असायचा. त्याने माझं झाकण डांबराने बंद केलं, कमरेला दोर बांधून खाली जात्याची फुटकी तळी अडकवली आणि मला नारिंगी रंग दिला. वास मात्र काही गेला नाही. समुद्रपक्षी मोठ्या आशेने माझ्यावर येऊन बसत, दोन-चार टोचे मारत आणि आपली निराशा माझ्याच डोक्यावर सोडून उडून जात. बोयाला स्वाभिमान ठेवून चालत नाही.

आमच्या खाडीत तारोस नावाचा जोराचा वारा सुटला की घराघरांतले तीन प्रकारचे लोक कामं टाकून किनाऱ्यावर येतात. पहिले फळीवाले. हे फळीवर उभे राहून हाताने शीड धरतात आणि स्वतःला सगळ्यांत जुने व शहाणे समजतात. दुसरे पतंगवाले. यांच्या पायाखाली छोटी फळी आणि डोक्यावर भला मोठा पतंग; ते समुद्रात कमी आणि हवेत जास्त असतात. तिसरे होडीवाले. यांच्या होड्या इतक्या हलक्या की दोघं जण बाहेर लोंबकळले नाहीत तर उलट्याच होतात. तिघांचं एकमेकांशी कधी पटत नाही, पण शर्यत तिघांची एकच.

शर्यतीचा एक नियम बूजमाने घातला होता. बाकीच्या गावांत काय चालतं ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे ज्याचा मला धक्का लागेल त्याने तिथेच स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि मगच पुढे जायचं. बघायला कोणी नसे. किनारा लांब, पाणी उडत असलेलं. ज्याने त्याने आपलं आपण कबूल करायचं. तुम्हाला वाटेल, किती सुंदर नियम! मलाही पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं. त्यानंतर वर्षानुवर्षं मला ढुशा बसल्या, लाथा बसल्या, एकदा तर एकाने मला मिठी मारून तोल सावरला. पण गिरकी घेताना मी कोणाला पाहिलं नाही. मला सगळं कळायचं, पण तोंड होतं कुठे?

आमच्याकडचा विजेता शर्यतीच्या क्लबच्या व्हॅनमधून दूरच्या दाखला नावाच्या शहरातल्या मोठ्या शर्यतीला जायचा. जागा एकच. लारबी नावाचा मिशाळ फळीवाला दर वर्षी जिंकायचा, दाखलाला जायचा आणि येताना खजूर आणि थापा घेऊन यायचा. त्याची पुतणी गिझलान पतंगवाली होती. उसन्या पतंगावर ती दिवसभर पाहुण्यांना शिकवायची आणि ते जेवायला गेले की स्वतः सराव करायची. दाखलाला देशाच्या संघासाठी मुली निवडतात हे तिला कळलं होतं. त्या वर्षी ती वयाच्या अटीत बसत होती, पुढच्या वर्षी बसणार नव्हती. लारबी तिला म्हणायचा, पतंग पोरांनी गच्चीवर उडवायचे असतात. ती हसून सोडून द्यायची. पण सरावाला माझ्याजवळून जाताना मी तिचा चेहरा पाहत असे, तेव्हा त्यावर हसू नसायचं.

आता बूजमाची एक खोड सांगतो. मला रंग द्यायचं काम तो वर्षभर उद्यावर ढकलायचा आणि शर्यतीच्या सकाळी ब्रश हातात घ्यायचा. त्याची बायको रहमा दर वर्षी बजावायची की आठवडाभर आधी रंगव, वाळायला वेळ लागतो. तो म्हणायचा, वारा वाळवेल. आमचा वारा स्वतःच ओला असतो, तो काय वाळवणार? पण आजवर निभावलं होतं, कारण तो भिंतीचा साधा रंग लावायचा आणि समुद्र तो लगेच धुऊन टाकायचा. त्या वर्षी भिंतीचा रंग संपला. बूजमाने मासेमारीच्या बोटीचा उरलेला तेलकट रंग मला फासला. मी पाण्यात उतरलो तेव्हा अंगभर चिकचिकत होतो.

शर्यत सुटली. सगळ्यांच्या पुढे गिझलान. पतंग गच्च भरलेला, पायाखालची फळी पाण्याला जेमतेम टेकलेली. ती माझ्याजवळ आली, वळली, आणि नेमका तेव्हा वाऱ्याचा झोत आला. तिच्या फळीची कड माझ्या पोटाला घासली. अगदी हलकेच. माझ्याशिवाय कोणालाही कळलं नसतं.

तिने मागे पाहिलं. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, पतंग डोक्यावर घेतला आणि तिथेच गिरकी घेऊ लागली. होडीला गिरकी सोपी, पतंगाला महाकठीण. दोऱ्यांना पीळ पडला, ती अर्धी बुडाली, खोकत वर आली, पण गिरकी पूर्ण केली. तेवढ्यात लारबी तिला हसत हसत तिथे पोहोचला आणि हसण्याच्या नादात मला पार्श्वभागाने अशी धडक देऊन गेला की मी आडवा झालो. त्याच्यामागून बेकरीवाला मिलूद आणि त्याचा मेहुणा होडीचं नाक माझ्यात खुपसून गेले. आणखीही दोघे-तिघे घासून गेले. गिरकी कोणीही घेतली नाही.

लारबी पहिला आला, मिलूद दुसरा. गिझलान बरीच मागे राहिली.

किनाऱ्यावर तिची जी थट्टा सुरू झाली ती विचारू नका. तिचं नावच भोवरा ठेवलं. कोणी विचारलं, दाखलाऐवजी लग्नाच्या वरातीत नाचायला जातेस का. ती सांगत होती की बोयाला तिचा धक्का लागला होता. कोणाचा विश्वास बसेना. धक्का लागला म्हणून खरंच कोणी गिरकी घेतं का?

मला बाहेर काढून बंदरावरच्या चहाच्या टपरीच्या दारात उभं केलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलं. मिलूदने तक्रार केली की लारबी बोयाला घासून गेला. निवाडा चहाच्या तबकावर सुरू झाला. साखरेचा खडा म्हणजे मी, ऑलिव्ह म्हणजे फळीवाले, पुदिन्याची पानं म्हणजे पतंगवाले आणि पावाचे तुकडे म्हणजे होड्या. लारबीने ऑलिव्ह खड्यापासून वीतभर लांब ठेवला आणि आईची शपथ घेतली. मिलूदने तो जवळ सरकवला. लारबीने रागाने पावाचा तुकडा, म्हणजे मिलूदची होडी, खाऊन टाकली. वाद रंगात आला असताना बूजमाने विचार करता करता मला उचललं आणि स्वतःच्या पेल्यात टाकून ढवळलं. मुख्य पुरावा विरघळला.

"संपलं," लारबी म्हणाला. "आता चहा मी देतो सगळ्यांना." तो किटली आणायला उठला आणि आमच्याकडे पाठ करून वळला.

काळ्या रबरी पोशाखाच्या बुडावर ताटाएवढा नारिंगी ठसा होता.

टपरीत हसण्याचा कल्लोळ उठला. लारबीने मान वळवून पाहिलं, तेवढ्यानेही दिसेना म्हणून किटलीच्या पाठीत पाहिलं. मग त्याने बाहेर उभ्या होडीकडे बोट केलं. "आणि मिलूद, तुझ्या होडीच्या नाकाला काय लागलंय? गाजराची कोशिंबीर?"

मग सगळेच आपापलं तपासू लागले. कोणाच्या बाहीला, कोणाच्या शिडाला, एकाच्या तर दाढीला. पुढे आलेला एकही जण कोरा नव्हता.

"हिच्या फळीलाही आहे की," लारबी गिझलानकडे बघून म्हणाला. "सगळे सारखेच. मग माझा नंबर तसाच राहू दे."

बूजमाने पेला खाली ठेवला. "तिचा धक्का लागला. पण ती फिरली का? कोणी पाहिलं?"

गिझलानने मान खाली घातली. तिच्या बाजूने बोलणारं त्या टपरीत कोणी नाही असं तिला वाटत होतं, आणि मला, लाकडी दाराला टेकून उभ्या असलेल्या मला, रडू येत होतं.

"अरे, मग दुपारपासून तिला भोवरा कोण म्हणतंय?" बूजमा म्हणाला.

सगळ्यांनी नजरा चुकवल्या. लारबी किटली हातात घेऊन तसाच उभा होता. मिशी खाली उतरली होती. तो म्हणाला, "फिरली. पूर्ण फिरली. मी पाहिलं, हसलोही. पोरी, व्हॅन मी चालवतो. तू पुढे बस."

ती दाखलाला गेली. वाटभर लारबीने तिला वारा कसा ओळखावा हे शिकवलं म्हणे, आणि ती वाटभर झोपली. संघात तिची निवड झाली. इकडे बूजमा सगळ्यांना सांगत सुटला की ओला रंग ही मुळापासून त्याचीच युक्ती होती. रहमा हे ऐकून फक्त भाकरी थापत राहिली. पुढच्या वर्षी तर गंमतच झाली. रंगाच्या धास्तीने, धक्का लागलेले आणि न लागलेले, सगळेच माझ्याभोवती गिरक्या घेऊ लागले आणि शर्यत संध्याकाळपर्यंत चालली.

आता माझ्या जागी हवा भरलेला नवा बोया आला आहे. गुळगुळीत, गोरागोमटा. त्याला धक्का दिला तर कुठेच काही उमटत नाही. मी टपरीबाहेर पडून असतो. लोक माझ्यावर बसून मासळी साफ करतात. मित्रांनो, तुमच्याकडे असा एखादा म्हातारा मुका पडून असेल, तर त्याला वर्षातून एकदा रंग द्या. आणि वाळायच्या आत त्याला बाहेर काढा.

गेल्या आठवड्यात गिझलान सुट्टीवर आली होती. अंगात देशाचा पोशाख, सोबत दोन पाहुणे. माझ्यासमोर ती थांबली, हात पुढे केला आणि माझ्या पोटाला हलकेच थापटलं. मग तिथेच वाळूवर, सगळ्यांसमोर, तिने स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेतली आणि पुढे गेली.