गोकुळच्या सुनीतातली एसटी

जयमालानं ते साप्ताहिक मुद्दामच तिळगुळाच्या ताटाशेजारी ठेवलं होतं. येणाऱ्या बाईनं विचारावं, 'हे काय वं?' म्हणून. नवऱ्याची कविता छापून आली आणि बायकोनं ती पेटीत दडवून ठेवावी, एवढी काही ती संत नव्हती. अहो, देऊळघाटात माणसाचं नाव छापून येतं कधी? एक तर लग्नपत्रिकेत, नाही तर निवडणुकीत. तिच्या गोकुळचं आलं होतं ते बुलढाण्याच्या साप्ताहिकात, संक्रांतीच्या अंकात, आणि नावाखाली 'एसटी चालक' असंही लिहिलेलं होतं. सासूनं, कोकिळाबाईनं, तर सकाळी त्या पानाला हळदकुंकूच वाहिलं. पहिल्या ओळीवर पिवळा डाग पडला तो पडलाच.

दुपार कलली तशा हळदीकुंकवाच्या बाया जमल्या. वाणाला चहाच्या गाळण्या होत्या, गुळाचे लाडू जरा कडक झाले होते, पण कुणी बोललं नाही. मग उखाणे सुरू झाले. समोरच्या घरातली पुष्पाबाई नेहमीप्रमाणे सगळ्यात आधी उठली. ही बाई बोलायला लागली की गावाला दवंडीची गरज पडत नसे.

"काळ्या साडीवर शोभते हलव्याचा हार, अविनाशरावांच्या घरात माहाच कारभार!"

"खरं हाय वं माय!" सगळ्या हसल्या. "जयमाला, आता तू घे."

कोकिळाबाई मध्येच म्हणाल्या, "तिले कायले तरास देता? यंदा माह्या पोरानंच उखाना घेतला. छापून आला तो. यास्मीन, वाच बरं."

यास्मीन शेजारच्या नूरजहांबींची सून, जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायची. तिनं पान हातात घेतलं आणि हसली. "काकू, हा उखाणा नाही. याला सुनीत म्हणतात. चौदा ओळींची कविता. आधी एक गोष्ट सांगते, मग वळण घेते, आणि खरी गंमत असते ती शेवटच्या दोन ओळींत."

"तेच तं म्हनते मी," कोकिळाबाई म्हणाल्या. "नाव शेवटीच येते."

यास्मीननं वाचायला घेतलं. शाळेत वाचते तसं, सावकाश.

"दिवसभर माझ्या हातात फिरते एक थोरले चाक,
दिवसभर कानात माझ्या दुसऱ्यांचीच हाक..."

पुढे प्रवासी आले, धूळ आली, सुट्या पैशांवरून होणारी भांडणं आली. मग संध्याकाळ झाली.

"सांजेला तू पाणी देतेस, बोलत नाहीस काही,
तुझ्या बांगडीइतका आवाज जगात गोड नाही."

"अवं माय! गोकुळभाऊ तं छुपे रुस्तम निघाले!" असा एकच कालवा झाला. जयमालानं पदराची किनार दातात धरली. तिला खाली बघवेना, वर बघवेना. लग्नाला अकरा वर्षं झाली. हा माणूस 'भाजी चांगली झाली' एवढंही कधी म्हणाला नाही. नुसती भाकरी आणखी मागायचा. आणि मनात हे?

मग कवितेनं वळण घेतलं.

"रात्र होता मग हळूहळू एक एसटी घाट चढते,
वळणावरती दम खाते अन् पुन्हा जराशी रडते."

"ड्रायव्हरच्या कवितेत एसटी येनारच," कुणीतरी म्हणालं. यास्मीन शेवटच्या दोन ओळींवर आली, तशा सगळ्या बाया पुढे सरकून बसल्या. नाव आता येणार होतं.

"डोळे मिटून ऐकत असतो, तिची वाट मी पाहतो,
ती माथ्यावर पोचली म्हणजे मगच मी झोपी जातो."

यास्मीननं पान खाली ठेवलं.

"मंग?" पुष्पाबाई म्हणाली. "नाव कुठी हाय?"

"नाव नसतं, ताई. कविता आहे ना."

"बिननावाचं कसं राहीन? कोनासाठी हाय हे कसं समजावं लोकायले?" पुष्पाबाईनं हातातला लाडू ताटात ठेवला. लाडू खाली ठेवून ती बोलायला लागली म्हणजे समजावं, काहीतरी निघणार. "हे पाहा, मी काही वाईट बोलत नाही. पन आधी पानी देनारी घरची बाई आली, ते ठीक. मंग ह्या रातच्या एसटीत कोन येऊन राह्यलं? डोळे मिटून कोनाची वाट पाह्यते हा मानूस? अन् मधातच रडनारी कोन?"

"पुष्पाताई, ती एसटी म्हणजे आयुष्य असेल," यास्मीन म्हणाली. "घाट म्हणजे कष्ट. माथा म्हणजे..."

"आयुष्य मुक्कामाले जाते का वं मलकापूरले? गोकुळभाऊची मुक्कामी गाडी कुठची हाय, सांग बरं?"

गाडी मलकापूरचीच होती. राजूरचा घाट उतरून जायची, रात्री तिकडेच थांबायची, सकाळी घाट चढून परत यायची. आठवड्यातून दोनदा. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"माहा पोरगा तसा नाही!" कोकिळाबाई कडाडल्या. पण आवाजात जोर होता तेवढा चेहऱ्यावर नव्हता.

"मी कुठी म्हनलं तसा हाय? मी तं कवितेचा अर्थ इचारला."

मघापासून जयमालाच्या अंगावर मोरपीस फिरत होतं, तिथं आता कुणी निखारा ठेवल्यासारखं झालं. वाटलं, ते पान चुलीत घालावं आणि वर पुष्पाबाईची वेणीही. पण त्याहून वाईट म्हणजे, तिला स्वतःलाच वाटायला लागलं, की खरंच कोण ही? पाणी देणारी मी, हे कबूल. मग ज्या बाईशिवाय ह्याला झोप येत नाही, ती कोण? आपण नुसत्या पाणी देणाऱ्याच का? उद्या नळावर, परवा बाजारात हीच कविता फिरणार होती. लेक प्राची शाळेत जाणार, तिच्यामागे पोरी हसणार.

तिनं यास्मीनसमोरचं पान ओढून घेतलं आणि स्वतः वाचलं. एकदा, मग परत.

'ऐकत असतो' असं लिहिलं होतं. पाहत नाही, ऐकतो. आता देऊळघाटात घाटातली एसटी ऐकू येते कुठे? तो घाट राह्यला बुलढाण्याच्या पलीकडे. आणि मलकापूर तर खाली सपाटीवर, तिथूनही घाट कितीतरी लांब. म्हणजे ही एसटी सडकेवरची नाहीच. तो डोळे मिटतो, तिथंच जवळ कुठेतरी चढते. हळूहळू आवाज वाढतो. मधेच थांबते, दम खाते. मग बारीक रडल्यासारखी...

अरे देवा!

जयमालाचा चेहरा कानांपर्यंत तापला. धाड गावात, माहेरी, तिचे भाऊ तिची खाट ओढून पार ओसरीच्या टोकाला नेऊन ठेवत. "हिचं इंजन सुरू झालं की आमचं कोंबडं आरवेपर्यंत काही खरं नाही," म्हणत. लग्नाच्या आदल्या दिवशी मायनं कानात सांगितलं होतं, "बाई, कुशीवर झोपत जाय. पाठीवर झोपू नको, नाही तं जावाई पळून जाईन." ती बिचारी अकरा वर्षं कुशीवर झोपत आली. नवरा कधी चकार शब्द बोलला नाही. तिला वाटलं, गेलं आपलं घोरणं, देवानं ऐकलं.

कुठलं जातंय!

आता काय करावं? बोलावं, तर पंधरा-वीस बायांसमोर स्वतःची लाज वेशीवर टांगावी लागणार. न बोलावं, तर नवऱ्याच्या नावाचा डांगोरा पिटला जाणार. पुष्पाबाई गाळणी पिशवीत टाकून उठायच्याच बेतात होती. ती एकदा उंबरठ्याबाहेर गेली की गोष्ट गावाची झाली.

"बसा, पुष्पाताई," जयमाला म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "तुमाले एसटीतली बाई पाह्यजे ना? ते मीच हाय."

"तू? तू कधी गेली रातच्या एसटीत?"

"एसटीत नाही. एसटीच मी हाय." "मी घोरनारी हाय, बाई. लय घोरनारी. राजूरच्या घाटात पहिल्या गेअरमधी गाडी चढते ना, तशी. इचारा माह्या भावायले धाडले जाऊन."

यास्मीननं तिच्या हातून पान परत घेतलं, त्या चार ओळी ओठांतल्या ओठांत वाचल्या, आणि तोंडावर हात दाबून अशी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "या अल्ला, जयमालाताई! मी कष्ट, आयुष्य काय काय सांगत बसले!"

मग मात्र ओसरीत हसण्याचा नुसता धुमाकूळ झाला. कोकिळाबाई म्हणाल्या, "मले तं वाटे रातभर पिठाची चक्की सुरू राह्यते कुठी!" एकीनं सांगितलं, आपलं घोरणं ऐकून मांजर घर सोडून गेली. दुसरीनं नवऱ्याच्या घोरण्याची नक्कलच करून दाखवली. सगळ्यांत शेवटी पुष्पाबाईनं लाडू परत उचलला.

"आमच्या अविनाशरावांनी तं पह्यल्याच महिन्यात खाट बाहेर टाकली," ती म्हणाली. "मी घोरते म्हनून. अजून बाहेरच झोपते तो मानूस." ती हसतच बोलली, पण लाडू काही तोंडाकडे गेला नाही. जयमालानं तिच्या ओटीत मूठभर तिळगूळ जास्तीचा घातला.

दिवेलागणीला गोकुळ ड्युटीवरून आला, तेव्हा शेवटच्या बाया चपला शोधत होत्या. "गोकुळभाऊ, घाट सांभाळून बरं!" एक म्हणाली आणि सगळ्या खिदळत बाहेर पडल्या. गोकुळ दारातच थबकला. ताटाशेजारचं साप्ताहिक त्यानं पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि खाकी शर्टाची वरची गुंडी उगाच लावायला लागला.

"समजलं सगळ्यायले?"

"मीच सांगितलं."

"काही चुकलं का माहं?" तो हळूच म्हणाला. "नाव नव्हतं टाकलं मी. मले वाटलं, कोनाले उमगनार नाही."

जयमालाला रागवायचं होतं. सकाळपासून जमवलेली साडी, पिना, गजरा, सगळं लावून रागवायची तिची तयारी होती. पण राग कुठून आणावा? अकरा वर्षं हा माणूस शेजारी जागा राहून ऐकत होता, आणि तिला वाटत होतं ह्याचं आपल्याकडे लक्षच नाही.

"अकरा वर्सं झाली," ती म्हणाली. "एकदा तरी सांगावं ना. काऊन नाही सांगितलं?"

गोकुळनं डोक्यावरची टोपी काढली.

"सांगितलं असतं," तो म्हणाला, "तं तू झोपली नसती."