प्रेसवरची जाळी

"नारळ फोडायचा, मशीनला नाक टेकवायचं आणि ‘चुकलं’ म्हणायचं. एवढंच आहे, पगारे." मॅनेजर हर्षलच्या आवाजात साखर होती.

खंडेनवमी होती. अंबडच्या त्या कारखान्यात प्रत्येक कामगार आपापल्या मशीनची पूजा करी. केरू पगारे करत नसे. त्याच्या आईने, सुलाबाईने, बौद्ध दीक्षा घेतली तेव्हा घरातला देव्हारा स्वतःच्या हाताने गोदावरीत सोडला होता. केरूच्या पत्रा कापणाऱ्या प्रेसला हार मिळत नसे. रोज सकाळी तेल आणि कोरडे फडके मात्र न चुकता मिळे. आजवर पूजेवाचून कुणाचे अडले नव्हते.

श्रावणात याच प्रेसवर दुसऱ्या पाळीतल्या मयूरचे बोट गेले. हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी हर्षलनेच तारेने वर बांधायला लावली होती, माल भराभर निघावा म्हणून. तार सगळ्यांना दिसत होती. दोष मात्र न झालेल्या पूजेच्या माथी गेला, आणि तेव्हापासून केरूच्या डब्याशेजारी कुणी बसेनासे झाले. वर्षभर ज्यांना मशीनला वंगण द्यायची शुद्ध नव्हती, ते आज कपाळभर गुलाल माखून तिच्या भक्तीने ओथंबून उभे होते.

"यांच्या लोकांना पगार चालतो," सुपरवायझर राकेश म्हणाला, "प्रसाद तेवढा चालत नाही."

चौघे हसले. कधीकाळी केरूच्या डब्यातला ठेचा संपवणारे हेच ते चौघे.

"नसेल जमत तर परवापासून भंगाराच्या यार्डात," हर्षल म्हणाला. "तिथं देवबीव नाही. तुम्हाला बरं."

केरूने त्याच्याकडे पाहिले. अंगावर बसलेल्या माशीकडे पाहावे, तसे. मग तो प्रेसपाशी गेला. राकेशने मोबाईल वर धरला. केरूने खिशातून पक्कड काढली आणि तार तोडली. जाळी खडकन खाली आली.

"आता फोडा नारळ," तो म्हणाला. "माझी कायबी ना नाय."

आरतीचे ताट धरलेल्या मयूरचा हात कलला. थोडी हळद जमिनीवर सांडली.

दसरा झाला. केरू यार्डात पत्र्याची कात्रणे उचलू लागला. भिंतीपलीकडून त्याच्या प्रेसचे ठोके ऐकू येत. जाळी उघडमीट करायची तर दोन ठोक्यांमध्ये श्वासाएवढी जागा राहते. ती आता नव्हती. तार पुन्हा बांधली गेली होती, आणि प्रेसवर मयूरला उभे केले होते.

मधेच ठोके थांबत. केरूच्या हातातला पत्रा तसाच अधांतरी राही. पुढचा ठोका पडला, की तो पत्रा ढिगावर अलगद ठेवी, आवाज होणार नाही असा.