नाव आत, बाण पुढे

मी एक जुना टायर आहे, पण बढाई मारायचा हक्क मी कमावलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. डांबरी रस्त्यावर कोणीही पळतं. चिखलात, मुरमात आणि कोराडीच्या राखेत पळायला अंगात जोर लागतो. माझ्या कुळाचं नाव ‘रानगवा’. एकोणीसशे एकाहत्तर साली नागपुरात, कामठी रोडवरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला.

मित्रांनो, त्या शेडचे मालक मनोहरराव. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या जीपा लिलावात निघाल्या, तेव्हा त्यांच्या झिजलेल्या टायरांवर नवं रबर चढवायचा धंदा त्यांनी सुरू केला. वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांच्या टायरांना कातडी चढवून त्यांना कंटाळा आला. आता टायर आपला आणि नावही आपलं, असं त्यांनी ठरवलं. नावाची त्यांना भारी हौस. सीताबर्डीत कोणाच्या दुकानावर नवी पाटी लागली की ते सायकल थांबवून अक्षरं निरखत उभे राहायचे.

माझी नक्षी मात्र देवरावची. छप्पन साली आईबापांबरोबर दीक्षा घेतली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. मी जन्मलो तेव्हा तिशीचा, आणि साचा कोरण्यात त्याचा हात धरणारा शहरात कोणी नव्हता. तो राहायचा नंदनवनकडे. तिथे नदीकाठच्या गाळातून म्हशी आरामात चालत जाताना तो रोज बघायचा. माणसाची चप्पल जिथे रुतून बसते तिथे म्हशीचा खूर फाकतो, पाय उचलला की माती गळून पडते. देवरावने माझ्या तिरक्या कड्यांमध्ये तशाच मोकळ्या फटी ठेवल्या. आठ महिने छिन्नी चालवून त्याने लोखंडी साचा तयार केला. कडेला बोटभर बाण कोरला. बाणाच्या दिशेने फिरलो की मी चिखल दोन्हीकडे फेकतो. उलटा फिरलो की तोच चिखल फटींत गोळा करतो. बाकी अंग माझं भक्कम. आत नायलॉनचे थर, गाल असे जाड की धारदार गिट्टीनेही चिरत नाहीत.

साच्यातून निघालो तेव्हा अंगभर रबराच्या बारीक मिशा होत्या. सिंधूताईंनी त्या पात्याने भादरल्या. शेडमधलं ते काम त्यांचंच होतं, आणि तोंडही शेडमध्ये सगळ्यात जास्त त्यांचंच चालायचं.

“नवरदेव दिसून राह्यला पाहा!” त्या म्हणाल्या. मी तिथेच फुगलो, हवा भरायच्या आधीच.

पण नुसतं देखणं असून भागणार नव्हतं. कोराडीला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू होतं. तिथल्या एका ठेकेदाराला जीपांसाठी टायर हवे होते. त्याचे सुपरवायझर ताराचंदजी यांनी अट घातली, की काळ्या मातीचा ओला चढ तीन प्रयत्नांत चढून दाखवा. मनोहररावांनी शेडमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं, “चढला तं आपला टायर. नाही चढला तं साचा भंगारात, आन् आपण पुन्हा जुन्या टायरवर रबर चढवत बसू.” आठ महिन्यांचं काम एका चढावर येऊन थांबलं. देवरावने साच्यावरून नुसता हात फिरवला. मला ते फार लागलं.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मला आणि त्याच साच्यातून निघालेल्या माझ्या भावाला जीपच्या मागच्या चाकांवर चढवलं. डावीकडे तो, उजवीकडे मी. इथे खरी गोम आहे, मित्रांनो. साच्यात नाव एकाच बाजूला कोरलेलं. डावीकडे नाव बाहेर ठेवलं की बाण बरोबर पुढे येतो. उजवीकडे नाव बाहेर ठेवलं की बाण उलटा होतो.

“साहेब, उजव्याचं नाव आत घ्या लागते,” देवराव म्हणाला.

मनोहररावांनी तेव्हा नुकताच माझ्या नावावर स्वतःच्या हाताने पांढरा रंग भरला होता. “नाव आत लपवून कोणाले दाखवू गा? उद्या सारे पाह्यले येतीन. एका चाकानं काय होते?”

देवरावने मान खाली घातली आणि मला उलटा बसवला. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही बसवला असता. मालकापुढे किती बोलणार? पण खरं सांगू? मलाही आवडलं होतं. पांढऱ्या अक्षरांत मी फार ऐटबाज दिसत होतो.

दुसऱ्या दिवशी अख्खी शेड ट्रकमधून कोराडीला आली. जीप निघाली. अर्ध्या चढावर माझ्या फटी मातीने गच्च भरल्या आणि मी जागच्या जागी फिरू लागलो. भाऊ ओढत होता, पण जीप माझ्याकडे वाकडी होऊन खाली घसरली. दुसऱ्या वेळी तर पहिल्याइतकीही वर गेली नाही. लोक हसले. माझं पांढरं नाव केव्हाच काळं झालं होतं.

“अजून एक,” ताराचंदजी घड्याळ बघत म्हणाले.

सिंधूताई गुडघ्याएवढ्या चिखलात उतरल्या आणि दोन्ही चाकं वाकून बघून ओरडल्या, “देवरावभाऊ, उजवं चाक माती खाऊन राह्यलं, आन् डावं थुकून राह्यलं! असं काहून गा?”

सगळे देवरावकडे बघू लागले. त्याचा चेहरा उतरला होता. आता गप्प राहिला तर साचा गेला, बोलला तर मालकाची चूक चारचौघांत उघडी पडणार. तो दोन पावलं पुढे आला.

“साहेब, उजवा टायर उलटा हाये. मीच बसवला. बाण दिसत होता तरी बसवला. आता मले उलटवू द्या. नाव आत जाईन, पण जीप वर जाईन.”

‘मीच बसवला’ एवढंच तो बोलला होता. बसवायला कोणी लावलं हे त्याने सांगितलं नव्हतं.

“तू नाही, मी बसवाले लावला,” मनोहरराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “पाना आण.” आणि पांढरं धोतर वर खोचून ते चिखलात बसले. देवरावने मला रिममधून सोडवलं, पलटलं, पुन्हा चढवलं. हातपंपाने हवा भरली ती मालकांनी. घामाने डबडबले, पण पंप दुसऱ्याच्या हाती देईनात.

तिसऱ्या वेळी मी काय केलं ते सांगताना आजही माझा ऊर भरून येतो. माती फटींत आली आणि तशीच बाहेर फेकली गेली. अर्धा चढ गेला, पाऊण गेला, आणि जीप माथ्यावर जाऊन उभी राहिली. सिंधूताईंच्या लुगड्यावर माझ्या चिखलाची नक्षी उमटली होती, तरी टाळ्या सगळ्यात आधी त्यांनीच वाजवल्या. ताराचंदजींनी ऐंशी टायर मागितले. देवराव मात्र माझ्याजवळ खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

पुढे आठ वर्षं मी कोराडीत धावलो. राखेत, खडीत, पाण्यात. माझी नावाची बाजू कायम आत राहिली. मला ओळखणारे नक्षीवरून ओळखायचे. मग कड्या झिजल्या आणि मी शेडच्या फाटकाशी येऊन पडलो. माझ्या पोटात पाणी साचलं, डास झाले, कोणी बघितलं नाही. म्हाताऱ्या टायराला उन्हापावसात टाकू नका, मित्रांनो. आणि धावत्या टायराची हवा आठवड्याला तपासत जा. एवढं केलंत तरी आमचं आयुष्य वाढतं.

तिथे पडल्या पडल्याच मी शेवटचं मोठं बोलणं ऐकलं. पहिला साचा झिजला होता, नवा कोरायचा होता. मनोहरराव म्हणाले, “देवराव, आता नाव दोन्हीकडून टाकू. आन् खाली तुह्यंही नाव कोर. तुह्या हातचा टायर हाये.”

देवराव हसला. “माह्यं नाव नको, साहेब. बाण मोठा करा. फिटर लोकायले नाव वाचता येईनच असं नाही. बाण साऱ्यायले समजते.”

नव्या साच्यात बाण वीतभर झाला. मित्रांनो, चाक बसवताना तुम्ही तो आधी बघा.